उभ्या गाडीचा खडखडाट आणि नांदगाव पेठ

वऱ्हाडातल्या गावांना माणसांसारखी आडनावे असतात. चांदूर दोन, म्हणून एक चांदूर रेल्वे आणि दुसरे चांदूर बाजार. धामणगावालाही रेल्वेच चिकटली आहे. नांदगावांचे तसेच. अमरावतीहून यवतमाळच्या वाटेवर लागते ते नांदगाव खंडेश्वर आणि नागपूरच्या वाटेवर लागते ते नांदगाव पेठ. एस.टी.मध्ये नुसते ‘नांदगाव’ म्हटले तर कंडक्टर विचारणारच, “पेठ का खंडेश्वर?”

मुंबईकडून येणारी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. पण ती बडनेरा, चांदूर, धामणगाव अशी दक्षिणेकडून गेली. नांदगाव पेठेच्या वाट्याला रूळ आले नाहीत, रस्ता आला. आज त्याचे नाव राष्ट्रीय महामार्ग ५३. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी मात्र अजून ‘सहा नंबर’च आहे. सुरतेकडून निघालेला ट्रक धुळे, जळगाव, अकोला, अमरावती करत नागपूर आणि रायपूरकडे जातो तो या गावाच्या अंगावरून. रस्त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत आली. कोळशावर चालणारा वीज प्रकल्प आला, २७० मेगावॉटचे ५ संच असलेला. कापडाचे कारखाने आले. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी ज्या ‘पीएम मित्रा’ वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली, ते १००० एकरांचे पार्कही इथलेच. कापूस पिकतो त्याच मुलखात सूत, कापड आणि कपडेही तयार व्हावेत, अशी त्यामागची कल्पना.

इतके असूनही महामार्गावरून जाणाऱ्यांना हे गाव ओळखीचे आहे ते टोलनाक्यामुळे. फास्टॅग दाखवायचा, दांडा वर गेला की निघायचे. अकोल्याहून नागपूरला आमची वर्षातून चार-पाच वेळा ये-जा असते. नांदगाव पेठेत आम्ही खाली उतरलो ते मात्र गेल्या डिसेंबरात, आणि तेही गाडीतल्या एका आवाजामुळे.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको, आठवीतली लेक आणि अब्बा. अब्बांचे वय ७४, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त. त्यांना चालताना दम लागत होता, छातीत जडपणा येत होता. नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ दोन महिने आधी घेतली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची. गरज पडली तर अँजिओग्राफी करावी लागेल, असे अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. त्यासाठी पैसे बाजूला काढले होते.

त्या पैशांवर डोळा ठेवून गाडीही आजारी पडली होती. साधी पेट्रोलची, तीन सिलिंडरची लहान गाडी. रस्त्यावर चालताना अगदी गुपचूप. पण सिग्नलला उभी राहिली की पोटातून खडखड, खडखड. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. अकोल्यातल्या एका वर्कशॉपने बॉनेट उघडून, अर्धा मिनिट ऐकून सांगितले होते, “टायमिंग चेन गेली. इंजिन उघडावं लागेल.” अंदाजपत्रक ३२ हजारांचे. अब्बांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “पहले गाडी का इलाज करा लो. मेरा तो चल रहा है.”

हे बोल घरात कुणालाच सहन होण्यासारखे नव्हते. आम्ही कागद घडी करून ठेवला आणि ठरल्या दिवशी निघालो.

बोरगाव मंजू मागे पडले, मूर्तिजापूर आले. अकोला-अमरावतीचा हा रस्ता एके काळी खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला. आता कपभर चहा डॅशबोर्डवर ठेवावा आणि सांडू नये, असा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना कपाशी, वेचणीला आलेली. गाडी ऐंशीच्या वेगाने चालत होती आणि आवाजाचा मागमूस नव्हता. अब्बांना डुलकी लागली.

अमरावती ओलांडून टोलनाक्यावर आलो तेव्हा समोरच्या ट्रकचा टॅग वाचला जाईना. पाच-सात मिनिटे एकाच जागी उभे राहावे लागले. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे. गाडीखालचा आवाज त्यांच्यावर आपटून दुप्पट होऊन खिडकीतून आत येत होता. लेक म्हणाली, “गाडीचे दात वाजताहेत.” अब्बा जागे झाले. कुणी काही बोलले नाही, पण मनात एकच विचार होता. नागपूर अजून सुमारे १४० किलोमीटर. टायमिंग चेन खरोखरच ढिली असेल आणि वाटेत तिचे दात सुटले तर काय?

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि त्यांच्या वर व्हॉल्व्ह उघड-झाप करतात. दोघांनी एकमेकांची वेळ पाळावी म्हणून मध्ये एक साखळी किंवा पट्टा असतो. ती वेळ फार चुकली तर कित्येक इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि गाडी जागच्या जागी थांबते. शेजारी हृदयाचा पेशंट बसलेला असताना महामार्गावर असा प्रसंग यावा, ही कल्पनाच नको वाटत होती. पुढे जायचे की मागे फिरायचे, हे ठरवण्याआधी आवाज कसला ते कळायला हवे होते.

नाका ओलांडून आम्ही गावाकडे वळलो. पंक्चरचे दुकान, वेल्डिंगचे दुकान, चहाची टपरी आणि पत्र्याची शेड. शेडसमोर दोन ट्रॅक्टर आणि एक मालवाहू टेम्पो उघडून ठेवलेला. पाटीवर फक्त ‘गॅरेज’. पन्नाशीतले मिस्त्री टेम्पोखालून बाहेर आले, तेव्हा आम्ही चावी फिरवून गाडी बंद करणार होतो.

“बंद नोका करू जी. आवाज आयकू द्या मले आधी.”

ते बॉनेटकडे गेलेच नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, पुढून, बाजूने, मागून. मग गुडघ्यावर बसून खाली कान दिला. उठले आणि प्रश्न विचारायला लागले. आवाज कधीपासून? सकाळी थंड गाडी चालू केल्याबरोबर येतो, की गाडी तापल्यावर? उभी असताना येतो की चालताना? एसी लावला की वाढतो की कमी होतो? मध्यंतरी कुठे गाडी खालून घासली का? आम्हाला डॉक्टरांचा केसपेपर आठवला. अब्बांना अकोल्यात पहिल्या दिवशी असेच प्रश्न विचारले होते.

“ताई, तुमी चाकावर बसा. मी सांगतो तसं करा.”

पहिली परीक्षा क्लचची. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबायचा, मग सोडायचा. क्लच दाबल्यावर आवाज थांबला, तर दोष गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे असण्याची शक्यता. दाबल्यावरच सुरू झाला, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे. आमचा आवाज दोन्ही वेळा तसाच. गिअरबॉक्स यादीतून गेला.

दुसरी परीक्षा एसीची. एसी लावला की कंप्रेसरचे ओझे इंजिनावर येते. आवाज फक्त एसी चालू असताना येत असेल तर कंप्रेसर किंवा त्याचा क्लच पाहायचा. आमच्या गाडीत एसीने आवाजाचा ताल थोडा बदलला, पण तो बंद केल्यावरही खडखड होतीच. कंप्रेसर गेला.

तिसरी परीक्षा ॲक्सिलरेटरची. “हळूहळू दाबा.” काटा हजाराच्या वर सरकला आणि आवाज विरून गेला. पाय काढला, काटा आठशेवर आला, खडखड परत. त्यांनी हे तीनदा करायला लावले.

यामागचे कारण त्यांनी लेकीला समजावून सांगितले. आम्ही ते थोडे आकड्यांत मांडतो. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेते, तेव्हा त्यात मिनिटाला १२०० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला २०. धक्के मोठे आणि सावकाश. प्रत्येक सैल पत्र्याची स्वतःची एक लय असते. धक्क्यांची लय तिच्याशी जुळली की पत्रा नाचू लागतो. इंजिन जोरात फिरले की धक्के जवळ जवळ येतात, लय सुटते आणि पत्रा गप्प बसतो. झोक्याला नेमक्या वेळी हात लावला तरच तो उंच जातो, भलत्या वेळी लावला तर थांबतो, तसेच हे. म्हणून पळत्या गाडीत कळत नाही ते उभ्या गाडीत ऐकू येते.

“आता साखळीचं पाहू,” असे म्हणत त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचे टोक इंजिनाच्या झाकणावर आणि मूठ कानाला. अगदी स्टेथोस्कोप. साखळी बसते त्या बाजूला बराच वेळ ऐकले, मग दुसऱ्या बाजूला. मग लेकीला बोलावले. “पोरी, इथं कान लाव. आयक. शिलाई मशीनवानी टिकटिक येते ना? थो बराबर आवाज हाय.” पट्टा फिरत होता, म्हणून तिची ओढणी आधी आईकडे द्यायला लावली. चालत्या इंजिनाजवळ ओढणी, दुपट्टा, सैल बाही, मोकळे केस यांपैकी काहीही नको, हे त्यांनी दोनदा बजावले.

साखळीबद्दल त्यांचे म्हणणे सरळ होते. साखळी ताणून धरणारा पुर्जा बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तो दाब नसतो. म्हणून ढिली साखळी पहाटेच्या पहिल्या चावीला काही सेकंद खडखडते आणि ऑइल चढले की बहुधा शांत होते. फारच झिजली असेल तर तापलेल्या इंजिनावरही वाजते, पण मग ती वरच्या बाजूला, झाकणापाशी ऐकू येते. आमच्या गाडीचे उलटे होते. सकाळी शांत, तापल्यावर आवाज, आणि तोही खालून. “साखळी ढिल्ली असती त सकाळीच बोंबलली असती. यवढ्यासाठी इंजिन कायले खोलता?”

अब्बा चहाच्या टपरीजवळच्या बाकावर बसून हे सारे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हाच थोडा उतरला.

शेवटची परीक्षा सर्वांत साधी होती. पुढची दोन चाके काँक्रीटच्या उतारावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. मिस्त्री एक लांब लाकडी दांडा घेऊन खाली वाकले आणि चालू गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपावरचा एक पातळ पत्रा दांड्याने दाबून धरला. खडखड थांबली. दांडा काढला, सुरू झाली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. लेकीने टाळ्या वाजवल्या.

त्या पत्र्याला हीट शील्ड म्हणतात. इंजिनातून निघणारा धूर अतिशय तापलेला असतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर काही शे अंशांपर्यंत तापतो. ही उष्णता गाडीच्या तळाला, तारांना आणि रबराला लागू नये म्हणून मध्ये हा पत्रा असतो. पावसाळ्यातले पाणी, चिखल, रोजचे तापणे-निवणे यांनी त्याच्या बोल्टांना गंज चढतो. बोल्टाभोवतीचे भोक मोठे होते आणि पत्रा सुटत नाही, पण धरूनही राहत नाही. मग तो पाइपावर वाजत बसतो.

“काढून फेकला तर?” आम्ही विचारले. पुष्कळ ठिकाणी असेच करतात, आवाज बंद होतो आणि गिऱ्हाईक खूश. मिस्त्रींनी मान हलवली. डिसेंबरात गाडी शेताच्या धुऱ्यावर उभी करता, खाली वाळलेले गवत असते, पऱ्हाट्या असतात. उघडा, तापलेला पाइप त्याला टेकला तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. “थो पत्रा गाडीचा नाई, तुमचा राखणदार हाय,” ते म्हणाले.

आता पाइप निवेपर्यंत हात लावता येणार नव्हता. किमान पाऊण तास. जोहरची वेळ झाली होती. अब्बांनी हात-पाय धुवायला पाणी मागितले. गॅरेजवाल्या पोराने बादली भरून दिली. मिस्त्रींनी शेडच्या मागच्या कोपऱ्यातली हत्यारे बाजूला सारली, झाडू मारला, नवी ताडपत्री अंथरली आणि म्हणाले, “चाचा, इथं कोनी येणार नाई.” पोराला खूण करून हवेचा कंप्रेसरही बंद करवला. अकोल्याहून शंभराहून अधिक किलोमीटर आलो होतो, म्हणून कसर नमाज, दोन रकअत. अब्बांनी खुर्चीवर बसून ती अदा केली.

तेवढ्या वेळात आम्ही लेकीला घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेलो. वीज प्रकल्पाच्या चिमण्या दूरवर दिसत होत्या. कापसाने फुगलेला ट्रॅक्टर हळूहळू जात होता, त्याच्यामागे कंपनीची पाळी सुटलेल्या मुलींची बस. चहावाल्या भाऊंनी सांगितले की पूर्वी त्यांच्याकडे शेतकरी यायचे, आता निम्मे गिऱ्हाईक बाहेरगावचे कामगार असते. बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश. त्यांच्यासाठी ते आता चहाबरोबर लिट्टीही ठेवतात. इतकी वर्षे आम्ही ज्या गावाला ‘नाका’ म्हणत होतो, तिथे शाळेतून सायकलने परतणारी मुले होती, वाळत घातलेली मिरची होती, अंगणात पाट टाकून बसलेल्या आज्या होत्या. एका आजीने लेकीला हाक मारून बोरे दिली.

परत आलो तेव्हा पाइप निवला होता. मिस्त्रींनी जॅक लावला, पण नुसत्या जॅकवर विसंबले नाहीत. दोन्ही बाजूंना सागाचे जाड ठोकळे सरकवले, गाडी हाताने हलवून पाहिली आणि मगच खाली शिरले. आधी त्यांनी कन्व्हर्टरवर मुठीने ठोकून पाहिले. त्याच्या आत चिनी मातीची जाळी असते. ती फुटली तर तुकडे आत खुळखुळतात आणि आवाज अगदी असाच येतो. आमची जाळी शाबूत होती. मग गंजलेला एक बोल्ट काढून नवा, मोठ्या वायसरसह बसवला. दुसऱ्या बोल्टाचे भोकच फाटले होते. तिथे पाइप आणि पत्रा यांना मिळून स्टीलच्या दोन होज क्लिपा आवळल्या. प्लॅस्टिकची पट्टी किंवा साधी तार नाही, कारण पहिली वितळते आणि दुसरी महिनाभरात तुटते.

गाडी चालू केली. खडखड गेली होती. आम्ही पाकीट काढले, पण मिस्त्रींनी हात वर केला. “थांबा. अजून एक आवाज हाय.”

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हते. त्यांनी एसी लावायला सांगितला आणि स्टिअरिंगवर हात ठेवायला लावला. मोठ्या खडखडीखाली दबलेली एक मंद धुडधुड तळहाताला जाणवली. गाडीपुढून सर्वांना बाजूला केले, ब्रेक घट्ट दाबायला लावला आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला सांगितला. बाजूला उभे राहून ते उघड्या बॉनेटमध्ये पाहत होते. इंजिन एका बाजूने गरजेपेक्षा जास्त उचलले जात होते. इंजिन ज्या रबरी पायांवर बसते, त्याला माउंटिंग म्हणतात. त्यातल्या एकाचे रबर चिरले होते. पत्र्याचे बोल्ट लवकर सैल होण्यामागेही हा जादाचा हादरा असू शकतो, असे ते म्हणाले.

“हे बदला लागन. पण आज नाई. माझ्यापाशी तुमच्या गाडीचं नाई. दुसरं कायतरी बसवून दिलं त दोन महिन्यांत जाईन. नागपूरले जा, वापस या, घरी जाऊन महिनाभरात बदला. तोवर झटक्यानं क्लच नोका सोडू.”

बिल त्यांनी क्लिपच्या खोक्यावर पेनाने लिहिले. दोन क्लिपा १२० रुपये, बोल्ट-वायसर ३०, मजुरी २००. एकूण ३५०. आम्ही जास्त देऊ केले, ते घेतले नाहीत. “चाचाईचा इलाज होऊ द्या आधी.”

पुन्हा महामार्गाला लागलो. मोझरी आली. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापन केलेला गुरुकुंज आश्रम याच रस्त्यावर आहे. तिवस्याच्या पुढे रस्त्याकाठी संत्र्यांचे ढीग लागले. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग शाळेत शिकवायचे त्या सुरात लेकीला सांगू लागले की कुरआनातील ८३व्या सूरहचे नावच मापात खोट करणाऱ्यांवरून पडले आहे. मराठीत त्यालाच ‘मापात पाप’ म्हणतात. माप म्हणजे नुसता तराजू नव्हे. कुणाच्या अज्ञानाचा किती फायदा घ्यायचा, तेही माप आहे. त्या मिस्त्रींना ३५० ऐवजी साडेतीन हजार सांगता आले असते. आम्ही ते आनंदाने दिले असते, कारण ३२ हजारांच्या पुढे ते स्वस्तच वाटले असते.

अकोल्याच्या वर्कशॉपलाही सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. टायमिंग चेन खरोखर झिजते आणि खरोखर खडखडते. फरक एवढाच की तिथे अर्धा मिनिट ऐकले गेले आणि इथे पाऊण तास. वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्या गाडीत असा आवाज आला तर गॅरेजात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून न्या. आवाज थंड गाडीत येतो की तापलेल्या, क्लच दाबल्यावर बदलतो का, एसीने बदलतो का, आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबल्यावर जातो का. त्याआधी डिकीतला जॅक-पाना, स्टेपनी, नंबरप्लेट आणि बॅटरीची पट्टी हाताने हलवून पाहा, कित्येकदा चोर तिथेच सापडतो. ही तपासणी बंद शेडमध्ये करू नका. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. आणि आवाजाबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला, इंजिन तापू लागले किंवा गाडी अडखळू लागली, तर मात्र कुठलीही परीक्षा घेत बसू नका. गाडी तिथेच बंद करा.

नागपूरला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अब्बांना आधी दहा मिनिटे स्वस्थ बसवले, मग रक्तदाब घेतला, छाती ऐकली, इको केला. जुनी औषधे एकेक करून विचारली. अल्हम्दुलिल्लाह, अँजिओग्राफीची लगेच गरज निघाली नाही. दोन गोळ्या बदलल्या, एक बंद केली, तीन महिन्यांनी बोलावले. बाजूला काढलेले पैसे बाजूलाच राहिले. अकोल्याला परतल्यावर त्यातले २६०० रुपये माउंटिंगला गेले.

परतीच्या वाटेवर नांदगाव पेठेत पुन्हा वळलो, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. मिस्त्री नव्हते, कुठल्याशा शेतात बंद पडलेल्या ट्रॅक्टरसाठी गेले होते. शेडमध्ये तो पोरगा एकटाच होता. डबा त्याने कपाटावर ठेवला, मग म्हणाला, “गाडी बंद नोका करू.” गुडघ्यावर बसला, खाली कान दिला. उठून गाडीभोवती फेरी मारली, पुढून, बाजूने, मागून. हात पुसत त्याने लेकीकडे पाहिले आणि म्हणाला, “पत्रा बराबर हाय. रबराचं ध्यानात ठेवजा.”